‘तेलाविना तळलेले’ कुक्कुटमांस आणि वैद्यांचे उत्तर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील चिकित्सालयांत अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. मेदोरोगाचा, प्रमेहाचा अथवा यकृतातील मेदसंचयाचा रुग्ण समोर बसतो, आपण पथ्यापथ्य सांगू लागतो आणि तो मध्येच विचारतो, “डॉक्टर, तळलेलं बंद केलंय. आता चिकन एअर फ्रायरमध्ये करतो. ते चालेल ना?” प्रश्न साधा आहे. त्याला आपल्या व्यवसायात सामान्यतः दोनच उत्तरे दिली जातात. पहिले, “मांसाहारच सोडा.” दुसरे, “तेल नाही ना? मग खा.” आमच्या मते ही दोन्ही उत्तरे विचार टाळणारी आहेत आणि दोन्हींचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात.

पहिल्या उत्तराविषयी प्रथम. कृष्णाकाठच्या, माणदेशातील वा कोयना खोऱ्यातील बहुसंख्य कुटुंबांत मांसाहार हा नित्याचा नसला तरी हक्काचा आहार आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण पाळणारी हीच कुटुंबे आषाढात आणि गावजत्रेत तितक्याच निष्ठेने मांस शिजवितात. अशा घरातील माणसाला सरसकट निषेध सांगितला की तो मान डोलावून बाहेर पडतो आणि पुढील भेटीत खोटे बोलतो. रुग्ण आहाराविषयी खोटे बोलू लागला की आपले हेतुपरीक्षण तेथेच संपते. शास्त्राला असा संकोच नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मांसवर्गाचे सविस्तर वर्णन केले आहे. कोंबड्याला ‘चरणायुध’ असे डौलदार नाव देऊन त्याचे मांस स्निग्ध, उष्ण, वृष्य, बृंहण, बल्य, स्वर सुधारणारे आणि वातहर असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. ज्या वैद्याला स्वतःला मांस वर्ज्य आहे त्यानेही हा वर्ग वाचलेला असतो, परीक्षेत त्यावर उत्तरेही लिहिलेली असतात. चिकित्सालयात मात्र तो मौन धरतो, हे आम्हांस खटकते.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. त्यासाठी हे यंत्र मुळात काय करते ते पाहिले पाहिजे. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने २०१० साली ‘एअरफ्रायर’ या नावाने ते बाजारात आणले आणि पुढे अनेक कंपन्यांनी तशीच यंत्रे काढली. आतील रचना फार गूढ नाही. वरच्या बाजूस विजेवर तापणारे वेटोळे, त्यामागे वेगाने फिरणारा पंखा, खाली सच्छिद्र जाळीची टोपली. सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली कोरडी हवा अन्नाभोवती सतत फिरत राहते. पृष्ठभागावरील पाणी झपाट्याने उडते, पृष्ठ कोरडे पडते, त्यावरील प्रथिने आणि शर्करा यांचा संयोग होऊन तपकिरी रंग व खमंग गंध येतो. कढईतील तळणात हेच काम १७० ते १८० अंशांचे तेल करते. पदार्थ तेलात बुडतो, त्यातील पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि त्याच्या जागी काही तेल आत शिरते. दोन्हीकडे कुरकुरीतपणा पृष्ठ सुकल्यानेच येतो. उष्णता वाहून नेणारे माध्यम मात्र वेगळे.

तेव्हा ‘एअर फ्रायर’ हे नाव व्यापाऱ्यांचे आहे. हे तळण नव्हे. बंदिस्त जागेत कोरड्या उष्णतेने केलेले हे भाजणे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शेहेचाळिसाव्या अध्यायात मांस सिद्ध करण्याचे प्रकार दिलेले आहेत : उल्लुप्त, भर्जित, पिष्ट, प्रतप्त, कंदुपाचित, परिशुष्क, प्रदिग्ध, शूल्य. कंदु म्हणजे भट्टीसारखे भाजण्याचे साधन. आमच्या मते या नव्या यंत्रातील कोंबडी ‘भर्जित’ या गटापेक्षा ‘कंदुपाचित’ या गटाला अधिक जवळची आहे. या यादीच्या शेवटी आचार्यांनी ‘अशा प्रकारचे अन्यही’ असे म्हणून दार उघडे ठेवले आहे, हेही ध्यानात घ्यावे. नवे साधन आले म्हणून शास्त्र निरुत्तर होत नाही. विजेचा अग्नी हा अग्नीच नव्हे, असा एक वाद आपल्यातील काही ज्येष्ठ घालतात. तो वाद त्यांनी प्रथम स्वतःच्या घरातील मिक्सर, शीतकपाट आणि इस्त्री यांच्याशी मिटवावा, एवढेच आम्ही म्हणू.

याच स्थळी सुश्रुताचार्यांनी तेलात सिद्ध केलेले मांस उष्णवीर्य, पित्तकर आणि गुरु, तर तुपात सिद्ध केलेले लघु, अग्निदीपन, हृद्य आणि पित्तघ्न सांगितले आहे. म्हणजे स्नेह कोणता, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे मात्र तेल आहे की नाही, एवढ्यावरच चर्चा संपते. तेल किती वेळा तापविलेले आहे, हा त्याहून गंभीर प्रश्न कोणी विचारीतच नाही. सायंकाळी सांगली-मिरज मार्गावर अथवा साताऱ्यात बसस्थानकाच्या परिसरात लालभडक ‘चिकन ६५’ तळणाऱ्या गाड्यांभोवती गर्दी असते. कढईतील तेल काळवंडलेले, फेसाळलेले. त्यातच नवे तेल ओतले जाते. तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. अशा संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केला असून तो १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवरचे तेल कोण मोजतो, हे वाचक जाणतातच. रंगाचीही तीच गत. शेजारच्या कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. मिरजेपासून ती सीमा हाकेच्या अंतरावर आहे. या गाडीवरच्या कोंबडीशी तुलना केली, तर घरी चमचाभर ताज्या तेलात, रंगाविना केलेली यंत्रातील कोंबडी निश्चितच बरी. रुग्णाने हा बदल केला असेल तर त्याचे मोकळेपणाने कौतुक करावे. आपण मात्र ते करायला विसरतो.

परंतु तेल नाही म्हणून ते पथ्य झाले, हे अनुमान चुकीचे आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितले आहे : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. एअर फ्रायर यांतील केवळ करण, म्हणजे संस्कार, बदलतो. उरलेली सात अंगे जेथल्या तेथेच राहतात.

प्रकृतीचे पाहा. आचार्यांनी वर्णिलेला कुक्कुट रानोमाळ फिरणारा होता. त्यांनी वन्य आणि ग्राम्य असा भेदही केला. ग्राम्य कोंबडा गुरु आहे असे सुश्रुत म्हणतात आणि वाग्भट त्याला कफकारकही ठरवितात. गावात उकिरडे उकरत हिंडणाऱ्या कोंबड्याला जर त्यांनी गुरु म्हटले, तर सुमारे सहा आठवड्यांत पूर्ण वाढविलेल्या, आयुष्यात कधी दहा पावले न धावलेल्या ब्रॉयलर पक्ष्याला ते काय म्हणाले असते? चरकांनी सांगितलेले सर्व गुण या पक्ष्यावर जसेच्या तसे चिकटविणे योग्य नाही. याउलट ‘गावरान’ या शब्दाची मोहिनीही बेताचीच ठेवावी. कडकनाथ कोंबडीच्या औषधी गुणांच्या जाहिराती आपल्या भागाने भरपूर वाचल्या. २०१९ साली कडकनाथपालनाच्या योजनेत पैसे गुंतवून सांगली, सातारा आणि कोल्हापुरातील शेतकरी हवालदिल झाले, पोलिसांत तक्रारी झाल्या. त्या काळात ‘आयुर्वेदातही सांगितले आहे’ हे वाक्य किती सहज फिरत होते! आमच्या माहितीत कोणत्याही संहितेत कडकनाथाचे नाव नाही. तेव्हा आपण ते ठामपणे सांगितले असते तर बरे झाले असते. विक्रेत्याच्या दाव्याखाली शास्त्राची मुद्रा उमटू देणे हा प्रकार एअर फ्रायरच्या बाबतीत पुन्हा घडू नये.

संयोगाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कुरकुरीत कोंबडीच्या बहुतेक सर्व प्रचलित कृतींत मांस दह्यात अथवा ताकात मुरविण्यास सांगतात. आम्लामुळे मांस मऊ होते, हे खरे. परंतु अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, दह्याबरोबर कुक्कुट खाऊ नये असा स्पष्ट निर्देश आहे. किती वैद्य हा निर्देश रुग्णाला सांगतात? आमचा अनुभव असा की दूध-मासे सर्वांना पाठ असतात, दही-कोंबडी कोणालाच आठवत नाही. हा निर्देश सांगताना भय मात्र घालू नये. तंदुरी कोंबडी खाऊन कोणी तत्काळ आजारी पडत नाही, हे रुग्णालाही दिसते. आणि या विशिष्ट संयोगाचा अपाय आधुनिक कसोट्यांनी सिद्ध झाला आहे असा दावा आपण करू नये. स्वतः चरकांनीच विरुद्धाहाराला अपवाद सांगितले आहेत. ज्याला तो सात्म्य झाला आहे, जो अल्प प्रमाणात घेतो, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण, स्निग्ध आणि व्यायामाने बलवान आहे, त्याला विरुद्धही बाधत नाही. म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील विशीच्या पोराला जे सोसेल ते त्वचारोगाने गांजलेल्या, दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या व्यापाऱ्याला सोसेलच असे नाही. हा विवेक हेच आपले वैशिष्ट्य आहे.

मग दह्याविना कोंबडी मऊ आणि खुसखुशीत होईल का? होते. गृहिणींशी बोलून, प्रत्यक्ष करवून पाहून आम्ही जी कृती रुग्णांना सांगू लागलो ती येथे देत आहोत, कारण ‘असे करू नका’ एवढेच सांगणारा वैद्य स्वयंपाकघरात निरुपयोगी ठरतो. हाडांसहित तुकड्यांना लिंबाचा रस, मीठ, आले-लसूण, मिरपूड आणि हळद लावून एक-दोन तास झाकून थंड जागी ठेवावे. (हळद सांगलीची असली तर उत्तम, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.) नंतर तुकडे फडक्याने टिपून कोरडे करावेत. पृष्ठ ओले राहिले की कुरकुरीतपणा येत नाही, ही यातील मुख्य गोम. तांदळाच्या पिठात थोडे मक्याचे पीठ आणि आवडीचा कांदा-लसूण मसाला मिसळून तुकडे त्यात घोळवावेत, दहा मिनिटे तसेच ठेवावेत आणि मग प्रत्येक तुकड्यास हलक्या हाताने तेल अथवा पातळ केलेले तूप पुसावे. तेल मुळीच न लावल्यास पीठ पांढरे व कच्चे राहते आणि घशात अडकते. त्यामुळे ‘शून्य तेल’ हा आग्रह येथेही टिकत नाही. आम्ही तूप सुचवितो. सुश्रुतांचे वर सांगितलेले वचन हेच त्याचे कारण. यंत्र आधी तापवून, तुकडे एकमेकांस न चिकटता एका थरात मांडून १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून, आणि शेवटची चार-पाच मिनिटे २०० अंशांवर. सोनेरी रंग आला की थांबावे. काळपट होईपर्यंत भाजू नये. अतितीव्र उष्णतेने मांसात आणि पिठाच्या आवरणात जी अनिष्ट संयुगे तयार होतात ती करपण्याबरोबर वाढत जातात.

यातला खरा धोका निराळाच आहे. यंत्रात वरचे आवरण लवकर रंगते आणि हाडाजवळचे मांस कच्चे राहू शकते. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गीयाँ-बारे विकाराचे रुग्ण अचानक वाढले तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला होता. तेथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. तथापि हा जंतू कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही पोटात जातो. मांसाचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. तापमापक नसेल तर जाड तुकडा हाडापर्यंत चिरून पाहावा. रस गुलाबी असेल तर परत ठेवावा. कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची सवयही सोडावयास सांगावे, कारण शिंतोड्यांनी जंतू ओटाभर पसरतात. हे सांगणे आधुनिक वैद्यकाचे काम म्हणून आपण अंग काढून घेऊ नये.

पात्राचाही विचार संहितांनी केला आहे. काशाच्या भांड्यात दहा दिवस ठेवलेले तूप त्यांनी निषिद्ध मानले. हारीत पक्ष्याचे मांस दारुहळदीच्या शूळावर, त्याच लाकडाच्या अग्नीवर भाजले तर प्राणघातक ठरते असेही म्हटले आहे. हा दाखला वाचून एका उत्साही विद्यार्थ्याने हळद लावलेली कोंबडीच विषारी ठरविली होती. हळदीच्या बाजारपेठेत असे विधान करणे धाडसाचेच. परंतु या उदाहरणांमागील दृष्टी मोलाची आहे. इंधन, सळई, भांडे यांचाही आहारावर संस्कार होतो, ही ती दृष्टी. या यंत्रांच्या टोपल्यांवर बहुधा न चिकटणारा लेप असतो. यंत्राच्या तापमानात तो विघटित होत नाही, तथापि तारेच्या घासणीने तो खरवडला जातो. मऊ फडके वापरावे, लेप उडालेली टोपली टाकून द्यावी, शक्य असल्यास पोलादी जाळीची घ्यावी.

आता राशी आणि उपयोगसंस्था. आमच्या मते हानीचे मूळ येथेच आहे आणि याविषयी आपल्यात सर्वांत कमी बोलले जाते. आपल्या भागात कोंबडी शिजते ती रश्शासाठी. प्रथम मीठ-हळदीत शिजलेले अळणी पाणी बाजूला काढतात; ते मुलांना, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला देतात. मांसरसाचे जे गुण संहितांनी वर्णिले ते या वाटीत आजही पाहावयास मिळतात. मग मसाला घालून रस्सा होतो आणि एकाच कोंबडीवर, ज्वारीच्या भाकरीसह, घरातील सहा-आठ माणसे तृप्त होतात. प्रत्येकाच्या वाट्यास मांसाचे दोन-तीन तुकडे येतात. तीच कोंबडी कुरकुरीत केली की भाकरी हद्दपार होते, कांदा-लिंबू जाते, ताटाऐवजी हातात वाडगा येतो. दूरचित्रवाणीसमोर बसून तीन माणसे ती संपवितात. सोबत मेयोनीज आणि शीतपेय. (कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणा सरकारने २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती, हे सहज नोंदवून ठेवतो.) तेल वाचले ते मेयोनीजमध्ये परत आले. मांसाची मात्रा दुप्पट झाली. उष्ण, गुरु आहारावर बर्फाळ गोड पेय पडले. यंत्र निर्दोष आहे; जेवणाची घडी मात्र विस्कटली.

स्निग्धतेविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत. ‘तेलमुक्त’ हा शब्द जणू ‘निर्दोष’ याचा पर्याय होऊन बसला आहे. आहारविधीत उष्ण अन्नाच्या पाठोपाठ स्निग्ध अन्नाचा उल्लेख येतो. संधिवाताने आखडलेल्या, कोष्ठ कोरडा पडलेल्या, निद्रानाशाने कृश झालेल्या वृद्धाला त्याची नोकरदार मुले प्रेमाने यंत्रात भाजलेले कोरडे मांस, कोरडे पापड, कोरडी भाजी खाऊ घालतात, आणि वैद्याकडे येऊन सांगतात की आम्ही आईचे तेल पूर्ण बंद केले आहे. अशा रुग्णास ते यंत्र अपथ्यच आहे. तिला अळणी वाटीभर द्या, वर चमचाभर तूप सोडा. मेदस्वी मुलाला यंत्रातील दोन तुकडे आणि भाकरी द्या. घर एक, कोंबडी एक, करण मात्र दोन.

आमची सूचना फार मोठी नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील सभासदांनी रुग्णपत्रात ‘मांसाहार : होय / नाही’ या एका ओळीऐवजी पाच बाबी नोंदवाव्यात. कोणते मांस, कशात शिजविले, कशासोबत खाल्ले, किती आणि कोणत्या वेळी. आम्लपित्त, मूळव्याध, विसर्प, शीतपित्त अथवा इतर त्वचाविकार यांच्या रुग्णांत या नोंदी वर्षभर ठेवल्या तर दही-कुक्कुट संयोगाविषयी आपण निदान आपल्या परिसरापुरते काही आधाराने बोलू शकू. नोंदी ठेवताना रुग्ण खरे सांगेल अशा स्वरात विचारावे. आषाढ संपल्यानंतरच्या आठवड्यात या नोंदी विशेष काळजीने घ्याव्यात. त्या दिवसांत चिकित्सालयात येणाऱ्या अजीर्णाच्या रुग्णांपैकी किती जणांनी रस्सा खाल्ला आणि किती जणांनी वाडगाभर कुरकुरीत तुकडे, हे कळले तरी पुष्कळ झाले. आलेल्या नोंदी या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात. नाव-गाव वगळून त्या छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू.